बांधाचं टोक आणि विमानाचं टोक

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमधे विमानच विमान आहे आणि त्याला कारण मीच. मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो होतो, की विमानाच्या पंखाचं वळलेलं टोक हवेचा भोवरा मोडतं आणि डिझेल वाचवतं. त्या एका ओळीवर लोकांनी मला असा धरलाय की विचारू नका. त्यातली डिझेलची चूक किरकोळ (विमानात डिझेल नसतं, एटीएफ असतं, रॉकेलचा सख्खा भाऊ), पण भोवरा 'मोडतं' ही चूक किरकोळ नाही, ती या अंकात दुरुस्त करतो. सगळी पत्रं छापायला जागा नाही, निवडक घेतलीयत.

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही विट्याचे, गलाईचा (सोनं-चांदी गाळायचा) धंदा, दुकान गुवाहाटीला. वडील रेल्वेनं तीन-तीन दिवस बसून जायचे, आता आम्ही पुण्यावरनं विमानानं जातो. खिडकीतनं बघितलं की पंखाचं टोक शेंडीसारखं वर वळलेलं दिसतं. शेजारचा पाव्हणा म्हणला ते कंपनीचं नाव लिहायला केलंय. खरं काय? आणि एवढ्याशा तुकड्यानं तेल असं किती वाचणार? आमच्या धंद्यात घट पॉइंटात मोजतात म्हणून विचारतोय. (एक वाचक, विटा)

दादा, शेंडीवर नाव लिहितात हे खरं, पण शेंडी आहे म्हणून नाव लिहिलंय, नाव लिहायला शेंडी काढलेली नाही.

आधी पंख करतो काय ते बघू. तुम्ही ज्यातनं जाता ते बहुतेक ए-३२० जातीचं विमान असणार, भरल्यावर सत्तर-पंचाहत्तर टनांचं, आणि त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ साधारण १२२ चौरस मीटर. भागाकार केला की चौरस मीटरला सहाशे किलो येतात. म्हणजे एका लहान टेबलाएवढ्या जागेवर हळदीची पन्नास किलोची बारा पोती, आणि ती तोलून धरतेय नुसती हवा, कारण पंखाच्या खालच्या अंगाला हवेचा दाब जास्त आणि वरच्या अंगाला कमी. आता दाब एकीकडं जास्त नि दुसरीकडं कमी म्हणल्यावर हवा गप बसणार आहे का? तिला जास्तीकडून कमीकडं जायचंच असतं, फक्त मधे पंख आडवा आलेला असतो.

तुमच्या खानापूर-आटपाडीकडं किंवा वर माण-खटावला उताराला आडवी घातलेली ताल, म्हणजे मातीचा बांध, तुम्ही बघितली असणारच. पाऊस झाला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालचा अंग कोरडा, आणि मधल्या भागात पाणी बिचारं मुकाट उभं असतं. सगळी भानगड टोकाला. जिथं बांध संपतो तिथनं पाणी वळसा मारून खाली पळतं, आणि मातीही तिथंच कापली जाते. विमानाचा पंख म्हणजे हवेतली तालच समजा. बुडख्याकडं, म्हणजे विमानाच्या अंगाजवळ, हवेला पळायला वाट नाही, पण टोकाला वाट मोकळी, मग खालची हवा टोकावरनं वळसा घालून वर चढते.

फक्त बांध जागेवर असतो आणि पंख तासाला आठशे-साडेआठशे किलोमीटरनं पळत असतो, म्हणून इथनं पुढं बांध सोडून नदीवर जाऊ. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती कधी काठावर उभं राहून बघितल्यात का? वल्हं पाण्यातनं ओढून बाहेर काढलं की मागं दोन छोटे भोवरे राहतात, वल्ह्याच्या दोन्ही कडांचे, आणि होडी पार पुढं निघून गेली तरी ते तिथंच गरगरत बसतात. आता त्या पाण्याला फिरवायला जोर कुणी लावला? वल्हवणाऱ्या गड्यानंच की. होडी पुढं न्यायला लावलेल्या जोरातला थोडा भाग पाण्यानं असा स्वतःभोवती फिरण्यात खाल्ला. विमानाचंही तसंच आहे, दोन्ही पंखांच्या टोकांमागं हवेचे दोन लांबच्या लांब आडवे भोवरे तयार होतात, ते कित्येक किलोमीटर मागं लोळत राहतात, आणि ते फिरवायचं बिल इंजिन भरतं.

हे बिल फाडलं जातं कसं, तर त्या भोवऱ्यांमुळं मधली, पंखाजवळची हवा खाली ढकलली जाते, मग पंखाला समोरनं सरळ हवा मिळण्याऐवजी जराशी खाली उतरणारी हवा मिळते, आणि उचल (विमानाला वर धरणारा जोर, लिफ्ट) जी ताठ वर असायला पाहिजे ती थोडी मागं कलते. डोक्यावरचा हंडा मागं कलला की मान कशी मागं ओढली जाते, तसं. या ओढीला इंग्रजी पुस्तकात इंड्युस्ड ड्रॅग म्हणतात, मराठी पुस्तकात प्रेरित ओढ, मी तिला उचलीची दलाली म्हणतो. फुकटात उचल कुणालाच मिळत नाही.

दलाली किती, तर सरळ उंचावर चाललेल्या प्रवासी विमानाला मागं खेचणारी जी काही ओढ असते त्यातली साधारण चाळीस टक्के ही असते, आणि उड्डाणाच्या वेळी, वेग कमी नि वजन जास्त असताना, ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते. आपल्याला वाटतं वेग वाढला की ओढ वाढते, पण हिचं उलटं आहे, ही हळू उडणाऱ्याला जास्त छळते.

आता तुमची घट. ए-३२० च्या त्या शेंडीला कंपनी शार्कलेट म्हणते, शार्क माशाच्या पाठीवरच्या परासारखी दिसते म्हणून, उंची २.४ मीटर, म्हणजे तुम्ही-मी तिच्याशेजारी उभं राहिलो तर ती आपल्यापेक्षा उंच, खिडकीतनं उगीच एवढुशी वाटते. लांबच्या प्रवासाला चार टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं असं कंपनी सांगते. आपण तीनच धरू. असं विमान तासाला साधारण अडीच टन इंधन पितं. तीन तासांत साडेसात टन, त्याचे तीन टक्के म्हणजे सव्वादोनशे किलो. एका फेरीला. तेच विमान दिवसाला लहानमोठ्या पाच-सहा फेऱ्या मारतं आणि कंपनीकडं अशी शेकड्यांनी विमानं असतात. सोन्यात तीन टक्के घट आली तर तुम्ही भट्टी बंद करून कारागिराला समोर बसवाल, मग विमान कंपन्यांनी का सोडावी?

प्रश्न : सर, मी १२ वी सायन्सला आहे. मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की विंगलेट (पंखाचं वळलेलं टोक) भोवरा मोडतं. पण मग भोवराच नाही राहिला तर लिफ्ट कशी राहील? आमच्या क्लासच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले सिलॅबसमधे नाही. (एक विद्यार्थिनी, इस्लामपूर)

ताई, तू बरोबर आणि मी चूक. आणि मी हे वाक्य नुसतं मागच्या अंकात नाही, वीस-एक वर्षं पोरांना असंच सांगत आलोय, कारण मलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं.

बघ, विमान हवेत राहतं याचा अर्थ ते सतत कुठली तरी हवा खाली ढकलत असतं. एवढं वजन तोलायचं तर ठराविक संवेग दर सेकंदाला खाली द्यावाच लागतो, तिथं सूट नाही. पण तो द्यायचा कसा हे आपल्या हातात आहे. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि खर्च होणारी ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे तुझ्या सिलॅबसमधे आहे. मग समज, दुप्पट हवा घेतली आणि निम्म्या वेगानं ढकलली, तर संवेग तोच राहिला पण ऊर्जा? निम्मी. करून बघ वहीत. म्हणजे थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा जास्त हवा हळूच ढकलावी, यातच सगळं आलं. आणि जास्त हवा कशी हाताला लागणार? पंख लांब असला तर. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीएवढ्या व्यासाचं एक वर्तुळ डोळ्यासमोर आण, साधारण तेवढी हवा पंखाच्या तावडीत येते, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. म्हणून वजन आणि वेग तोच ठेवून पंख दुप्पट लांब केला तर ही ओढ चौथाई होते.

तर भोवरा राहतोच. उचल आहे तोवर भोवरा आहे, मोडणार कुठनं. विंगलेट करतं काय, तर त्या हवेला टोकावरनं वळसा घालणं अवघड करतं, भोवरा जरा बाहेर नि वर सरकतो, जास्त जागेत पसरतो, आणि पंख आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागायला लागतो. शेतकरी बांधाचं टोक वरच्या अंगाला थोडं वळवून ठेवतात ना, बांध लांब करायला शेजाऱ्याची हद्द आडवी येते म्हणून, तोच प्रकार. (सगळ्यांत सरळ उपाय बांध लांब करणं हाच असतो, हे लक्षात ठेव, पुढच्या प्रश्नाला लागणार आहे.)

गंमत म्हणजे टोकाला आडोसा लावायची कल्पना विमान उडायच्या आधीची. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मधे पंखाच्या टोकाला उभ्या फळ्या लावायचं पेटंट घेतलं होतं, राइट बंधू उडाले १९०३ ला. पुढं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत लुडविग प्रांट्लनं याचं गणित मांडलं, ओढ स्पॅनच्या (पंखाच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीच्या) वर्गाप्रमाणं कमी होते वगैरे जे वर सांगितलं ते त्याच्याच गणितातनं येतं. पण नुसत्या सपाट फळ्या लावून बघितल्या तर भोवऱ्यात वाचायचं ते फळीच्या स्वतःच्या घर्षणात जायचं, हातावर काही उरायचं नाही, म्हणून कितीतरी वर्षं हे प्रकरण तसंच पडून राहिलं.

मग १९७३ चं तेलसंकट आलं, तेलाचे भाव भडकले, आणि नासाच्या लँग्ली केंद्रात रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी जुनी वही पुन्हा उघडली. हा माणूस माझा अत्यंत आवडता, कारण यांना आकडेमोडीइतकाच, कदाचित जास्तच, हवेचा अंदाज होता, वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेल ठेवून स्वतः कानस घेऊन घासायचे. १९७६ मधे त्यांनी मांडलं की टोकाला फळी लावू नका, एक छोटा खराखुरा पंखच उभा करा, नीट घडवलेला, बरोबर कोनात बसवलेला. कारण टोकाजवळची हवा सरळ मागं जात नाही, तिरकी वाहते. त्या तिरक्या हवेत पंख उभा केला की त्यावरही उचल तयार होते, आणि कोन नीट जमला तर ती उचल आतल्या बाजूला आणि किंचित पुढं झुकते. पुढं! म्हणजे वाया चाललेल्या वळशातनंच थोडा रेटा परत मिळतो. शिडाचं जहाज बाजूच्या वाऱ्यावर पुढं जातं, हिशोब तोच. नंतर १९७९-८० मधे केसी-१३५ नावाच्या इंधनवाहू लष्करी विमानाला विंगलेट लावून खऱ्या चाचण्या केल्या तेव्हा साडेसहा-सात टक्के फायदा दिसला.

घरी बघायचं असेल तर पोस्टकार्ड घे, थोडं वाकवून टेबल फॅनसमोर जरासं तिरकं धर, आणि अगरबत्तीचा धूर कडेच्या टोकावर सोड. पण फॅनची हवा मुळातच गरगरत येते, म्हणून मधे स्ट्रॉचा जुडगा बांधून ठेव, हवा सरळ होईल. धूर टोकाशी पीळ घालत मागं जाताना दिसेल. मग कार्डाचं टोक वर दुमडून परत बघ. पडद्यापासून लांब कर हं, आमच्या घरातल्या एका पडद्याला अजून भोक आहे आणि त्याचा विषय जेवताना निघतोच.

प्रश्न : कोल्हापूरला पंख्याचं विमान येतं, एटीआर, त्याच्या पंखाला असली वळलेली टोकं नाहीत. आमचा मुलगा नेव्हीत आहे, तो म्हणतो त्यांच्या पी-८आय विमानाला पण नाहीत, नुसती मागं निमुळती आहेत. एवढी फायद्याची गोष्ट आहे तर सगळ्यांनाच का लावत नाहीत? (एक निवृत्त शिक्षक, कराड)

गुरुजी, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

वर बांधाचं बोललो, की लांब करणं हाच सरळ उपाय. विमानालाही तेच लागू आहे, जागा असेल तर पंख आडवाच वाढवावा, वर वळवू नये. वळवणं ही तडजोड आहे. कसली? गेटची! हो, विमानतळावरच्या उभं राहायच्या जागेची. जगभरात विमानतळांचे गट ठरलेत, ए-३२० आणि बोइंग ७३७ ज्या गटात येतात त्यात पंखांची लांबी ३६ मीटरच्या आत पाहिजे. शार्कलेट लावलेल्या ए-३२० च्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी आहे ३५.८ मीटर, म्हणजे बोळात गाडी आरसे मिटून घालावी तशी गत. ३६ च्या वर गेलं की पुढच्या गटाचं गेट, जास्त भाडं, आणि कित्येक ठिकाणी तसं गेटच नाही. मग आडवं वाढता येत नाही तर वर वाढा. शहरात गुंठा परवडत नाही म्हणून मजले चढवतात, वेगळं काय करतायत.

एटीआर-७२ चं बघा. त्याचा पंख २७ मीटर लांब आणि अंगानं बारीक, लांबी-रुंदीचं गुणोत्तर बाराच्या घरात. ए-३२० चं साडेनऊ-दहा. म्हणजे एटीआरला जन्मतःच लांब सडसडीत पंख मिळालाय, ३६ च्या मर्यादेला तो कुठंच टेकत नाही, वर त्याच्या फेऱ्या तासा-दीड तासाच्या. त्याला शेंडी लावून वजन वाढवायचं कशाला? कारण शेंडीचं वजन असतं, एका विमानाला दीड-दोनशे किलो पडतं, आणि टोकाला बसलेलं वजन नि तिथला जोर पंखाच्या बुडख्याला पिळतो, त्यासाठी आतला सांगाडाही जाड करावा लागतो. लांब प्रवास असेल तर हा खर्च भरून निघतो, छोट्या फेरीत नाही.

याचा एकदम अस्सल दाखला जपानचा. बोइंग ७४७-४०० हे मोठं जंबो विमान १९८९ ला सेवेत आलं तेव्हा त्याची ओळखच ती सहा फुटी शेंडी होती. पण जपानमधल्या देशांतर्गत फेऱ्यांसाठी, तास-दोन तासाच्या, त्याचाच एक प्रकार काढला आणि त्याच्या शेंड्या चक्क काढून टाकल्या. तेच विमान, तीच कंपनी, पण रस्ता बदलल्यावर हिशोब बदलला.

तुमच्या मुलाचं पी-८आय : त्याचं अंग ७३७ चं आहे पण त्याला गर्दीच्या प्रवासी गेटला लागायचं नसतं, समुद्रावर तासन् तास फिरायचं असतं, मग पंख आडवाच वाढवला आणि टोक मागं ओढून निमुळतं केलं. एअर इंडियाच्या ७८७ ड्रीमलायनरचं टोकही तसंच निमुळतं आहे. फायदा शेंडीसारखाच, फक्त जागा जास्त लागते.

आणि ज्यांना दोन्ही हवं त्यांनी काय करावं? बोइंगचं ७७७एक्स, २०२० मधे पहिल्यांदा उडालं, त्याच्या पंखाची टोकं चक्क दुमडतात. आकाशात ७१.८ मीटर, गेटवर ६४.८, कारण त्या गटाची हद्द ६५ ची. मला विचाराल तर सगळ्या शेंड्यांपेक्षा हाच उपाय जास्त प्रामाणिक वाटतो, पण बिजागरी आली की तिचं वजन, तिची कुलपं, आणि 'उडायच्या आधी टोकं उघडलीत का' ही एक काळजी वाढली.

प्रश्न : मायणीच्या तलावावर आम्ही दरवर्षी पक्षी बघायला जातो. घारीची पंखाची टोकं बोटं पसरल्यासारखी असतात आणि फ्लेमिंगो ओळ करून जातात. यांचाही याच्याशी संबंध आहे का? (एक वाचक, वडूज)

आहे, अगदी जवळचा. घार, गरुड, गिधाड यांना झाडीत, कड्याकपारीत, कमी जागेत उतरायचं असतं, फार लांब पंख अडचणीचे, म्हणजे यांचीही गेटचीच अडचण. म्हणून टोकाची पिसं सुटी सुटी, एकावर एक पायऱ्यांसारखी उघडतात आणि एका मोठ्या भोवऱ्याचे लहान लहान तुकडे होऊन वरखाली पसरतात. अमेरिकेत व्हान्स टकर यांनी १९९५ मधे एका शिकारी पक्ष्याला वाऱ्याच्या बोगद्यात तरंगायला शिकवलं, मग त्याची टोकाची पिसं कापून पुन्हा मोजलं, तर कापलेल्या पंखाची ओढ जास्त निघाली (पिसं परत येतात, काळजी नको). उलट समुद्रावरचा अल्बट्रॉस, त्याला ना झाड ना गेट, त्याचे पंख सरळसोट लांब आणि टोकाला बोटं नाहीत.

ओळीचं असं, की टोकामागचा भोवरा पंखाच्या आतल्या बाजूला हवा खाली ढकलतो पण टोकाच्या बाहेरच्या बाजूला वर उचलतो. मागचा पक्षी बरोबर त्या वर जाणाऱ्या हवेत पंख घालून बसतो, पुढच्यानं वाया घालवलेलं हा वापरतो. २०१४ मधे इंग्लंडच्या संशोधकांनी चौदा आयबिस पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रं बांधून दाखवलं की ते जागा तर पकडतातच, वर पंखांची फडफडही पुढच्याच्या फडफडीशी जुळवून घेतात. एअरबसनं हे बघून नोव्हेंबर २०२१ मधे दोन ए-३५० विमानं तुलूजहून माँट्रिऑलला एकामागं एक, साधारण तीन किलोमीटर अंतर ठेवून, नेली आणि सहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड वाचला. पण कुणीही उठावं नि मागं लागावं असलं हे काम नाही. भोवऱ्याच्या मधोमध सापडलं तर लहान विमान उलटं होऊ शकतं, म्हणून तर मोठ्या विमानाच्या मागं लहान विमानाला धावपट्टीवर दोन-तीन मिनिटं थांबवून ठेवतात.

प्रश्न : जुलैत मुंबईला उतरताना पंखाच्या टोकातनं पांढरा दोरा निघताना दिसला. मी घाबरून एअर होस्टेसला सांगितलं, ती नुसती हसली. इंधन गळत होतं का? (एक वाचक, सातारा)

हसायला नको होतं तिनं, सांगायला पाहिजे होतं. तो दोरा म्हणजे भोवराच, डोळ्यांना दिसलेला. भोवऱ्याच्या गाभ्यात हवेचा दाब एकदम पडतो, दाब पडला की हवा गार होते, आणि पावसाळ्याची दमट हवा असली की लगेच त्यातली वाफ थेंब होऊन दिसायला लागते. टोकापेक्षा पंखाच्या मागच्या उघडलेल्या झडपांच्या कडेला तो जास्त वेळा दिसतो. उन्हाळ्यात भोवरा तेवढाच असतो, दिसत नाही इतकंच. उंचावरच्या विमानामागं जी लांब पांढरी रेघ उमटते ती मात्र वेगळी, ती इंजिनाच्या धुरातल्या वाफेची.

प्रश्न : चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पात्यांना पण अशी टोकं लावली तर वीज वाढेल का? (एक वाचक, परळी खोरं)

पातं म्हणजे फिरता पंखच, त्याच्याही टोकाला गळती होतेच, आणि काही कंपन्यांनी टोकं वळवलेली पाती काढलीयतही. पण पठारावर गेट नाही, हद्द नाही, तिथं पातं लांब करायला कोण अडवतंय? अडवतो तो घाट. सज्जनगड-ठोसेघरच्या वळणांवरनं एक अख्खं पातं ट्रेलरवर चढवून नेताना ज्यानं बघितलंय, मागं अडकून पडलेल्या गाडीत बसून, त्याला पात्याची लांबी कुठं थांबते हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न : पंख एवढा हलतो, त्यात टोकाला ते जादाचं लावलेलं. मला तर बघवत नाही. तुटून पडायचं नाही ना? (एक आजी, मिरज)

नाही पडायचं आजी. पंख हलतो म्हणूनच टिकतो, ताठ राहिला असता तर तुमची भीती खरी ठरली असती. उभ्या आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा जोर पंखावर येईल त्याच्या दीडपट जोर लावून, तीन सेकंद तरी टिकला तरच तो पंख पास होतो, टोकासकट. ड्रीमलायनरचा पंख २०१० मधे असाच जमिनीवर बांधून वाकवला होता, टोक पंचवीस फूट वर गेलं तरी तो शाबूत राहिला. तेव्हा नाही बघवत तर खिडकीची पट्टी खाली ओढा आणि डुलकी काढा. उतरताना पट्टी वर करायला सांगतात, तेव्हा पावसाळा असला तर तेवढा दोरा दिसतो का बघा, नि दिसला तर आम्हाला कळवा.